‘कर्मचाऱ्यांचे पगार’ दोनदा का दिसतात? एकच ऑफिस मेल, तीन प्रोग्राम आणि फोल्डरांचा घोळ

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या ऑफिसात मी गेल्या दोन वर्षांत एकाच दुखण्यासाठी पाच वेळा गेलो. फोनवर तक्रार मात्र दर वेळी निराळी. एकदा ‘अग्रशाळेच्या बुकिंगचा फोल्डर रिकामा झाला’ (अग्रशाळा म्हणजे भाविकांनी उतरायच्या खोल्या). एकदा ‘मी काल उत्तर दिलं होतं, ते काउंटरवर दिसलंच नाही, तिथून त्याच भाविकाला दुसरं उत्तर गेलं आणि एकच खोली दोघांना मिळाली’. एकदा तर काउंटरवरच्या ताईंनी मी हॅलो म्हणायच्या आतच सांगून टाकलं, ‘पयलीं हांगा आशिल्लो फोल्डर, आतां ना!’ म्हणजे आधी इथे होता, आता नाही.

तिथली मांडणी अशी. ऑफिसचा मेल-पत्ता एक, पासवर्ड एक, वापरणारे तिघे. काउंटरवर विंडोज आणि आउटलुक. हिशेब बघणाऱ्या दादांच्या लॅपटॉपवर लिनक्स आणि थंडरबर्ड. सेक्रेटरीकाकांकडे मॅकबुक आणि आयफोन, दोन्हींवर ॲपलचा मेल प्रोग्राम. छोट्या ऑफिसांत हेच चित्र असतं. देवस्थानच्या जागी काजूचा कारखाना किंवा सीएचं ऑफिस घाला, फरक पडणार नाही.

पहिल्या दोन खेपांना मी तेच केलं जे सगळे करतात: अकाउंट काढला, परत घातला. पंधरा दिवस बरं चाललं. मग पुन्हा फोन. यातून एकच गोष्ट पक्की कळली. अकाउंट परत घातला की प्रोग्राम स्वतःच्या मूळ सवयींवर जातो आणि आधी हाताने लावलेल्या सेटिंगवर पाणी फिरतं. म्हणजे जे इलाज म्हणून करत होतो तेच दुखणं परत आणत होतं.

तिसऱ्या खेपेपासून मी कुठल्याही प्रोग्रामला हात लावायच्या आधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडतो. आयमॅप म्हणजे मेल प्रोग्रामने सर्व्हरशी बोलायची रीत. तिच्यात खरं दप्तर सर्व्हरवर, म्हणजे मेल सांभाळणाऱ्या कंपनीच्या मशिनवर असतं आणि वेबमेल ते दप्तर जवळजवळ जसंच्या तसं दाखवतो. तिथली फोल्डरांची यादी कागदावर उतरवून घ्यायची, मग तिन्ही मशिनांवरची यादी तिच्याशी ताडून बघायची. दहा मिनिटांचं काम. फोल्डर वेबमेलमध्ये आहे पण एखाद्या मशिनवर नाही, तर ते मशीन तो दाखवत नाहीये, इतकंच. एका मशिनवर आहे पण वेबमेलमध्ये नाही, तर तो सर्व्हरवर कधी गेलाच नाही. आणि वेबमेलमध्येच तो दोनदा दिसला, तर घोळ नावात आहे. तिन्ही रोग वेगळे, औषधं वेगळी.

फोल्डर आहे, पण दिसत नाही

सगळ्यात सोपा प्रकार. आयमॅपमध्ये फोल्डर ‘सबस्क्राइब’ करायची, म्हणजे कुठले दिसावेत ते निवडायची सोय असते. काकांनी मॅकवर नवीन फोल्डर केला तरी थंडरबर्ड फक्त सबस्क्राइब केलेलेच फोल्डर दाखवत असेल तर दादांना तो दिसणार नाही. थंडरबर्डमध्ये अकाउंटच्या नावावर राइट क्लिक, सबस्क्राइब, नावापुढे टिक. आउटलुकमध्ये अकाउंटवर राइट क्लिक केल्यावर ‘आयमॅप फोल्डर्स’ मिळतं, त्यात क्वेरी दाबून यादी मागवायची. रोज नवे फोल्डर होत असतील तर थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड दाबून ‘फक्त सबस्क्राइब केलेले दाखवा’ याची टिक काढून टाका. मी काढूनच टाकतो. जीमेलवर ऑफिस मेल असेल तर (तिथे फोल्डरांना लेबल म्हणतात) आणखी एक जागा तपासा: वेबवरच्या लेबल सेटिंगमध्ये प्रत्येक लेबलपुढे ‘शो इन आयमॅप’ असतं. ती टिक नसेल तर ते लेबल एकाही प्रोग्रामला दिसणार नाही.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात दिसणं, किंवा इनबॉक्समध्ये आणखी एक इनबॉक्स दिसणं. काही सर्व्हर सगळ्या फोल्डरांच्या नावांआधी इनबॉक्स आणि टिंब लावतात. प्रोग्रामला हे सांगायचं ठिकाण आउटलुकमध्ये ‘रूट फोल्डर पाथ’, ॲपलमध्ये ‘आयमॅप पाथ प्रीफिक्स’ आणि थंडरबर्डमध्ये ‘आयमॅप सर्व्हर डिरेक्टरी’. तिन्हींत एकच गोष्ट भरा किंवा तिन्हींत रिकामं ठेवा. एकात भरलं आणि दुसऱ्यात नाही, की एकाने केलेला फोल्डर दुसऱ्याला भलत्याच जागी सापडतो.

फोल्डर एकाच मशिनवर आहे

हा प्रकार घाबरवणारा. दादांनी दोन वर्षांच्या देणग्यांच्या पावत्यांचे मेल एका दुपारी ओढून थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये टाकले, ‘मेल भरत आला होता म्हणून’. लोकल म्हणजे त्यांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क. मेल तिथे ओढला की सर्व्हरवरून उठतो आणि बाकीच्या सगळ्यांकडून नाहीसा होतो. ॲपलमध्ये याच गोष्टीला ‘ऑन माय मॅक’ म्हणतात, आउटलुकमध्ये नावापुढे ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ असं येतं. हे शब्द दिसले की थांबायचं.

परत आणायला तेच मेल ओढून सर्व्हरवरच्या फोल्डरात टाकायचे, पण सगळे एकदम नको. दोनशे-दोनशेच्या गठ्ठ्यांत न्या आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर वेबमेलमध्ये आकडा बघा. अर्ध्या वाटेत नेट तुटलं तर कुठले गेले आणि कुठले राहिले हे शोधत बसावं लागतं. मी पहिल्यांदा एकदम चौदाशे ओढले होते. त्या संध्याकाळी घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले.

त्याच भेटीत कोणीतरी सुचवलं, थंडरबर्डचा प्रोफाइलच, म्हणजे त्याचे मेल आणि सेटिंग असलेला फोल्डर, ऑफिसच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) ठेवू, म्हणजे सगळे एकच वापरतील. नाही, चुकूनही नाही. थंडरबर्ड एका फोल्डरातले सगळे मेल बहुधा एकाच मोठ्या फाइलीत ठेवतो आणि तिची अनुक्रमणिका वेगळ्या फाइलीत. दोन मशिनांनी त्यात एकदम लिहिलं की अनुक्रमणिका आणि मेल यांचा मेळ तुटतो. आउटलुक मेल साठवतो त्या पीएसटी फाइलीचंही तेच. ती लॅनवर ठेवून वापरू नका असं मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय. एकत्र वापरायची गोष्ट सर्व्हर आहे, फाइल नव्हे. मेल भरत आला असेल तर होस्टिंगची, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडची जागा वाढवा.

‘पाठवलेले’ तीन ठिकाणी

एका खोलीची दोन उत्तरं गेली ती यामुळे. पाठवलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची याबद्दल प्रत्येक प्रोग्रामची घराणी वेगळी. एक ‘सेंट’ करतो, दुसरा ‘सेंट आयटम्स’, तिसरा ‘सेंट मेसेजेस’. काकांचं उत्तर तिसऱ्यात पडलं, ताई दुसऱ्यात बघत होत्या. टाकलेल्या मेलचंही तसंच: ट्रॅश, डिलिटेड आयटम्स, डिलिटेड मेसेजेस. 2011 साली यावर तोड म्हणून सर्व्हरनेच ‘हा माझा पाठवलेल्यांचा फोल्डर’ असं प्रोग्रामला सांगायची रीत ठरली. बरेच सर्व्हर ते सांगतात, पण एकदा तिन्ही फोल्डर तयार झालेले असतील तर प्रोग्राम जुन्याला चिकटून राहतो.

माझा नियम असा: या तिघांत सर्वात हटवादी कोण ते बघा आणि बाकीच्यांना त्याच्याकडे वळवा. आमच्याकडे हटवादी आउटलुक होता. त्याच्या नव्या आवृत्त्यांत आयमॅपसाठी ही जागा हाताने बदलायला सहज वाव नाही. म्हणून तो जो फोल्डर वापरत होता तोच खरा मानला. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग, ‘कॉपीज अँड फोल्डर्स’, तिथे ‘अदर’ निवडून तोच फोल्डर दाखवला. मॅकवर तो फोल्डर निवडून ‘मेलबॉक्स’ मेनूतून ‘यूज धिस मेलबॉक्स ॲज’, मग ‘सेंट’. आयफोनवर ही गोष्ट अकाउंटच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये असते आणि नेमका तोच विसरला जातो, कारण काका बहुतेक उत्तरं गाडीतून फोनवरच देतात. मग उरलेल्या दोन फोल्डरांतले मेल वेबमेलमधून एकात आणले आणि रिकामे फोल्डर पुसले. आधी पुसलेत तर प्रोग्राम ते लगेच परत बनवतात. क्रम महत्त्वाचा.

जीमेल असेल तर तिथला सर्व्हर पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो, तेव्हा थंडरबर्डमधली प्रत ठेवायची टिक काढा.

नाव मराठीत, आणि इथे खरी मजा

पाचव्या भेटीत वेबमेलमध्येच दोन फोल्डर दिसले. दोन्हींचं नाव ‘कर्मचाऱ्यांचे पगार’. एकात जूनपर्यंतचे मेल, दुसऱ्यात जुलैपासूनचे. ताई म्हणाल्या, मी नवीन केला नाही. दादा म्हणाले, मीही नाही. दोघंही शपथेवर सांगायला तयार.

दोन्ही नावं मी टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट केली: ‘कर्मचाऱ्यांचे’ आणि ‘कर्मचार्‍यांचे’. डोळ्यांना काहीच फरक नाही. मग दोन्हींत कर्सर ‘या’च्या पुढे ठेवून बॅकस्पेस मोजत दाबला. पहिल्यात ‘ऱ्या’ पुसायला चार वेळा, दुसऱ्यात पाच वेळा. पाचवं अक्षर दिसत नाही असं आहे. आपला हा अर्धा, कानाडोळा केल्यासारखा र दोन रीतींनी टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे वेगळंच अक्षर घेऊन त्याला पाय मोडायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याचा क्रमांक 0931. दुसरी जुनी रीत, साधा र, म्हणजे 0930, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे न दिसणारा ‘झीरो विड्थ जॉइनर’ घालायचा. दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, ताई तीच दाबतात. दादांनी फोल्डरचं नाव कुठल्या तरी जुन्या परिपत्रकातून कॉपी केलं होतं. सर्व्हर मराठी वाचत नाही, तो क्रमांक जुळवतो. त्याच्या लेखी ही दोन नावं म्हणजे दोन वेगळे फोल्डर, आणि एकात शोध घेतला तर दुसऱ्यातलं काही सापडणारच नाही. अक्षरं सारखी करून घेणारी जी नॉर्मलायझेशनची चाळणी असते तिच्यातूनही तो न दिसणारा जॉइनर सहीसलामत सुटतो.

औषध सोपं आहे. वेबमेलमधून एकातले मेल दुसऱ्यात हलवायचे, रिकामा पुसायचा, उरलेल्याचं नाव असं ठेवायचं की त्यात ऱ येणारच नाही. आमचा फोल्डर आता नुसता ‘पगार’ आहे. ‘व्यापाऱ्यांची बिले’ होता, तो ‘बिले’ झाला. मराठीचा अपमान वगैरे काही नाही. फोल्डरला शुद्धलेखनाचे मार्क मिळत नाहीत.

नावांतला दुसरा काटा म्हणजे टिंब. अग्रशाळेच्या बारा खोल्यांसाठी ताईंनी ‘खोली क्र. 1’, ‘खोली क्र. 2’ असे फोल्डर करायला घेतले. या सर्व्हरवर फोल्डर आणि उपफोल्डर वेगळा करायची खूण टिंबच आहे. म्हणून ‘खोली क्र’ नावाचा एक बाप तयार झाला आणि त्याच्या पोटात नुसते आकडे. दिसायला इतकं नीटनेटकं की आठवडाभर कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग काकांनी त्या बापात एक मेल टाकायचा प्रयत्न केला आणि एरर आला, कारण तो खरा फोल्डर नव्हताच, नुसतं नाव होतं. थंडरबर्ड असे फोल्डर फिकट, तिरप्या अक्षरांत दाखवतो. ‘श्री.’, ‘मे.’, ‘डॉ.’, ‘रु.’ या सगळ्यांत हा धोका आहे. टिंब न देता ‘खोली 4’ लिहा. जीमेलवर टिंबाचा त्रास नाही, पण तिथे तिरकी रेघ तेच काम करते: ‘2024/25’ असं लेबल केलंत तर 2024 च्या पोटात 25 जाईल. आडवी रेघ वापरा, ‘2024-25’.

कधी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये किंवा जुन्या फोनवर फोल्डराच्या जागी & या चिन्हाने सुरू होणारी आणि आडव्या रेघेने संपणारी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. & नंतरचं पहिलं अक्षर सी असेल तर बहुधा तुमचाच देवनागरी फोल्डर आहे. आयमॅप 1986 पासूनचा, स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी केलेला. त्याला इंग्रजीबाहेरची नावं अशी गुंडाळून पाठवायची सवय लागली आणि 2003 च्या नियमावलीतही तीच राहिली. 2021 च्या नव्या नियमावलीत नावं सरळ लिहायची सोय आली, पण जुने प्रोग्राम अजून घरोघरी आहेत. ती खिचडी दिसली की नाव ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. उघड्या डोळ्यांनी केलेला तो रिनेम मग तिन्ही मशिनांवर तसाच दिसतो, हे मी करून बसलोय.

या गुंडाळणीमुळे लांबीही वाढते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, सुमारे पावणेतीन इंग्रजी अक्षरांची जागा खातं. जे सर्व्हर फोल्डर-उपफोल्डरांची सगळी साखळी एकाच नावात जोडून साठवतात, त्यांना लिनक्सची फाइलीच्या नावावरची 255 बाइटची मर्यादा लागते. म्हणजे पूर्ण साखळीत जेमतेम नव्वद चिन्हं. ‘अग्रशाळा बुकिंग’ मध्ये ‘माघातल्या जत्रेसाठी आलेल्या विनंत्या’ आणि त्यात ‘मुंबईच्या महाजनांकडून आलेल्या आणि उत्तर द्यायच्या राहिलेल्या’ असं करायला गेलात तर तिसऱ्या पायरीला सर्व्हर नकार देतो आणि कारण सांगत नाही.

घरी चालतं, ऑफिसात अडतं

जत्रेच्या आठवड्यात वेगळीच तक्रार: ऑफिसात थंडरबर्ड मधेच ‘जोडता येत नाही’ म्हणतो, दादांच्या घरी तोच लॅपटॉप सुरळीत. पासवर्ड बरोबर, नेट बरोबर. डवकॉट नावाचा जो मेल सर्व्हर बऱ्याच होस्टिंगवर असतो तो मुळात एका अकाउंटला एका आयपी पत्त्यावरून (नेटवरचा जोडणीचा क्रमांक) 10 आयमॅप जोडण्यांपर्यंतच परवानगी देतो. ऑफिसची सगळी मशिनं बाहेरच्या जगाला एकाच आयपीवरून दिसतात. थंडरबर्ड एकटा 5 जोडण्या धरून ठेवू शकतो. त्यात आउटलुक, मॅक, आणि वायफायवरचे फोन. जत्रेसाठी दोन स्वयंसेवकांच्या फोनवरही तोच मेल घातला होता, हे नंतर कळलं. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ खाली हा आकडा 5 वरून 2 केला, स्वयंसेवकांचे फोन काढले, प्रश्न संपला. जीमेलची अशी मर्यादा एका अकाउंटला 15 आहे.

चौदा दिवसांचं भूत

एक लक्षण ओळखून ठेवा: इनबॉक्समधले साधारण दोन आठवड्यांहून जुने मेल आपोआप जातात, पण बाकी फोल्डरांतले शाबूत राहतात. याचा अर्थ कुठेतरी कोणाच्या तरी मशिनवर हाच अकाउंट आयमॅपऐवजी पॉपने, म्हणजे मेल सर्व्हरवरून मशिनवर उतरवून घ्यायच्या जुन्या रीतीने जोडलेला आहे. पॉपला इनबॉक्सशिवाय दुसरं काही दिसत नाही आणि ‘14 दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ हे अशा ठिकाणी बरेचदा आधीपासून भरलेलं असतं. आमच्या बाबतीत ते मशीन म्हापशाला, एका माजी पदाधिकाऱ्यांच्या घरी, टीव्हीखाली धूळ खात सुरू होतं. त्यांना पत्ताच नव्हता. पासवर्ड बदलला, तिघांना नवा दिला, भूत गेलं. खरं तर कमिटी बदलली की पासवर्ड त्याच दिवशी बदलायला हवा, पण हे मी किती ठिकाणी सांगितलं आणि किती ठिकाणी झालं, तो हिशेब नको.

किरकोळ

पावसात लाईट गेली आणि आल्यावर एखाद्या फोल्डरातले मेल रिकामे किंवा उलटसुलट दिसले तर घाबरू नका. वेबमेलमध्ये ते नीट असतील तर मशिनवरची अनुक्रमणिका बिघडली आहे. थंडरबर्डमध्ये फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’, मॅकवर ‘मेलबॉक्स’ मेनूत ‘रिबिल्ड’. वेबमेल बघायच्या आधी हे करू नका.

एकाने वाचलेला मेल सगळ्यांकडे वाचलेला होतो, हा बिघाड नाही, आयमॅप असाच आहे. तिघांचं काम वाटायचं असेल तर वाचलं-न वाचलं यावर विसंबू नका. तारा सगळीकडे दिसतो. रंग मात्र नाही: थंडरबर्डचे टॅग आणि आउटलुकच्या कॅटेगरी एकमेकांना ओळखत नाहीत. ताईंनी लाल केलेला मेल दादांकडे पांढराच राहिला आणि एका कुटुंबाला अभिषेकाची वेळ कळवायची राहून गेली. तेव्हापासून रंग बंद. ‘करायचे’ आणि ‘झाले’ हे दोन फोल्डर केलेत, दोन्हींत ना टिंब ना ऱ, आणि मेल हातात घेतला की तो ओढायचा.

काकांनी गेल्या आठवड्यात नवा आयफोन घेतला. अकाउंट त्यांनी स्वतःच घातला. आज सकाळी वेबमेल उघडून बघितला तर ‘सेंट मेसेजेस’ परत आलाय, आत सात मेल. उद्या फोंड्याला जातोच आहे.